प्रतिमेखालील नागमोडी रेघ

१

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) व्यस्तविधी नावाचे एक प्रकरण आहे. एखाद्या अज्ञात संख्येवर क्रमाने केलेल्या क्रिया सांगावयाच्या, अखेरीस आलेले फळ सांगावयाचे आणि मूळ संख्या विचारावयाची, असा त्यातील उदाहरणांचा घाट आहे. त्यांपैकी एक उदाहरण असे : एका संख्येस ३ ने गुणिले, गुणाकारात त्याचाच तीनचतुर्थांश मिळविला, ७ ने भागिले, भागाकारातून त्याचा तृतीयांश वजा केला, उरले त्याचा वर्ग केला, त्यातून ५२ काढले, वर्गमूळ घेतले, ८ मिळविले आणि १० ने भागिले, फळ २ आले. मूळ संख्या कोणती? उलट्या क्रमाने जावे, गुणाकाराच्या जागी भागाकार करावा, वर्गाच्या जागी मूळ घ्यावे, की २८ ही संख्या हाती येते.

या रीतीचा एक गुण सहसा सांगितला जात नाही. शेवटचे फळ २ ऐवजी चुकून २.०१ असे टिपले गेले, म्हणजे त्यात अर्ध्या टक्क्याची चूक झाली, तर व्यस्तविधीने येणारे उत्तर सुमारे २८.१७ एवढे असेल. त्यातील चूक सहा दशांश टक्क्यांच्या आसपास आहे. थोडी चूक आत गेली, थोडीच चूक बाहेर आली. उलट वाट सुलट वाटेइतकीच विश्वासार्ह असल्याने तिच्यावरून निश्चिंतपणे चालता येते.

विसाव्या शतकातील गणिताने ज्या प्रश्नांना व्यस्त समस्या हे नाव दिले, त्यांच्यात नेमका हाच गुण नसतो. कारणावरून कार्य काढणे ही सुलट समस्या. कार्यावरून कारण शोधणे ही व्यस्त. शरीराच्या आत काय आहे हे ठाऊक असेल, तर त्यातून गेलेला क्ष-किरण किती क्षीण होऊन बाहेर पडेल हे सांगता येते. परंतु रुग्णालयातील प्रश्न याच्या उलट असतो : बाहेर पडलेले किरण मोजलेले आहेत, आत काय आहे ते सांगावयाचे आहे. फ्रेंच गणिती आदामार याने १९०२ मध्ये सुस्थित समस्येची तीन लक्षणे सांगितली : उत्तर असले पाहिजे, ते एकच असले पाहिजे आणि मापनातील अल्प बदलाने उत्तरातही अल्पच बदल झाला पाहिजे. वैद्यकीय प्रतिमांच्या बहुतेक समस्यांत या तीनपैकी किमान एक लक्षण ढळते. कधी दोन भिन्न शरीरांतून एकच मापन निघू शकते. कधी मापनातील नगण्य कंप उत्तरात डोंगराएवढा होतो.

मराठी बोलण्यात मात्र क्ष-किरण तपासणीलाही ‘फोटो काढणे’ असेच म्हणतात, आणि संगणकीय छेदचित्रालाही तोच न्याय लावला जातो. या शब्दामुळे एक मोठा गैरसमज पक्का होतो. छायाचित्र वस्तूसमोर काच धरून मिळते. छेदचित्र हे मोजमापांवरून केलेले अनुमान असते. अनुमान असल्यामुळे ते खोटे ठरते असे मुळीच नाही. परंतु अनुमानाला आधार असतात, गृहीते असतात आणि त्याच्या निश्चितीला पायऱ्या असतात. त्या पायऱ्या पाहणाऱ्यापासून झाकून ठेवणे योग्य नाही, आणि त्या उघड करण्याची एक सिद्ध पद्धत भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकांपाशी पूर्वीपासून आहे.

२

या विषयाच्या इतिहासात बंगळूरला मानाचे स्थान आहे. सप्टेंबर १९७१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात गो. ना. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. कोलॅजेन या प्रथिनाची त्रिसर्पिल रचना मांडणारे आणि प्रथिनांच्या घडणीच्या ‘रामचंद्रन आलेखा’ने जगभर परिचित झालेले रामचंद्रन त्या सुमारास मद्रासहून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले होते आणि तेथे त्यांनी आण्विक जीवभौतिकीचा विभाग उभारला होता. क्ष-किरण चित्रांवरून व इलेक्ट्रॉन सूक्ष्मचित्रांवरून त्रिमितीय रचना पुन्हा कशी उभी करावी, हा निबंधाचा विषय. त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी लंडनजवळच्या एका रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. हाउन्सफील्ड यांचे पहिले यंत्र समीकरणे टप्प्याटप्प्याने सोडवीत असे. बंगळूरच्या निबंधातील रीत पुढील यंत्रांना अधिक सोयीची ठरली.

गणिती पाया जुना होता. एखाद्या आकृतीतून जाणाऱ्या सर्व सरळ रेषांवरील बेरजा ठाऊक असतील तर मूळ आकृती पूर्णपणे मिळते, हे योहान राडोन याने १९१७ मध्येच सिद्ध केले होते. परंतु राडोनच्या उलट सूत्रात कलन घ्यावे लागते, आणि कलन हे मापनातील दोषांना फार निर्दय असते. वक्रावर एक शतांश उंचीची बारीक, दाट लहर असेल तर ती डोळ्याला जाणवत नाही. तिचा उतार मात्र तीव्र असतो आणि कलनात उतारच मोजला जातो. रामचंद्रन व लक्ष्मीनारायणन यांनी फूर्ये रूपांतराचा लांबचा वळसा टाळून मोजलेल्या प्रत्येक प्रक्षेपावर थेट अंकांची एक छोटी माळ फिरविली. मधल्या मापाला धन भार, शेजारच्या विषम क्रमांकाच्या मापांना अंतराच्या वर्गाप्रमाणे घटत जाणारा ऋण भार, सम क्रमांकांना शून्य. असे शुद्ध केलेले प्रक्षेप मग आपापल्या दिशेने मागे पसरून एकमेकांत मिळवावयाचे. गणकयंत्राचा वेळ त्यामुळे पुष्कळ वाचला. ही माळ आजही या दोघांच्या नावांच्या आद्याक्षरांनी, ‘रॅम-लॅक गाळणी’ म्हणून, आज्ञावल्यांतून वावरते.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ही गाळणी एका ठरावीक मर्यादेपलीकडची बारीक वारंवारिता सोडून देते. १९७४ मध्ये शेप व लोगन यांनी हीच गाळणी थोडी मवाळ केली : तिने चित्रातील खरखर कमी होते, पण कडाही किंचित बोथट होतात. मोजमापे तीच, रुग्ण तोच, परंतु गाळणी बदलली की प्रतिमा बदलते. कोणती गाळणी वापरावी हे राडोनचे प्रमेय सांगत नाही. ती माणसाने केलेली निवड आहे. कोरमॅक व हाउन्सफील्ड यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि छेदचित्रण घरोघरी माहीत झाले. त्यामागील ही निवड मात्र यंत्राच्या पोटात राहिली.

३

एका साधनाने न सुटणारा प्रश्न दोन साधनांच्या जोडीने सोडवावा, ही पुढील पायरी. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आर. एम. वासू व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाश आणि श्राव्यातीत ध्वनी यांची सांगड घालून ऊतींची परीक्षा करण्याचे पुष्कळ काम केले आहे, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळूर येथील उपयोजित गणिताच्या केंद्रात व्यस्त समस्यांचा शुद्ध गणिताच्या अंगाने अभ्यास होत आला आहे.

प्रकाश व ध्वनी यांची जोडी का, हे थोडक्यात सांगता येते. रक्तातील हिमोग्लोबिन प्रकाश शोषते, म्हणून रक्ताने भरलेली गाठ आणि सभोवारची ऊती यांत प्रकाशाला स्पष्ट फरक दिसतो. परंतु ऊतीत मिलिमीटरभर आत गेल्यावर प्रकाश आपली दिशा विसरू लागतो. कोठून आला हे त्याला सांगता येत नाही. ध्वनी दिशा विसरत नाही, पण मऊ ऊतींतील फरक त्याला फारसे ओळखू येत नाहीत. म्हणून प्रकाशाचा अत्यल्पकालिक झोत आत सोडावयाचा. जेथे तो शोषला जाईल तेथे अंशाच्या हजाराव्या भागाएवढी उष्णता वाढते, ऊती कणभर फुगते आणि ध्वनीची लहर बाहेर येते. प्रकाशामुळे ध्वनी उमटतो हे ग्रॅहम बेल याने १८८० मध्येच दाखविले होते. प्रकाशाने प्रश्न विचारावा आणि ध्वनीने उत्तर द्यावे, अशी ही व्यवस्था आहे.

गणिताच्या दृष्टीने येथे दोन व्यस्त समस्या एकीवर एक रचलेल्या आहेत. बाहेर ऐकलेल्या ध्वनीवरून आत कोठे किती ऊर्जा शोषली गेली हे काढणे ही पहिली. संवेदक सर्व बाजूंनी असतील तर ती सुस्थित असते. शोषलेल्या ऊर्जेवरून ऊतीचा स्वतःचा गुणधर्म काढणे ही दुसरी, आणि खरी अडचण तेथे आहे. एखाद्या जागी ऊर्जा कमी शोषली गेली, ती तेथील ऊती कमी शोषक आहे म्हणून, की तेथवर प्रकाशच कमी पोचला म्हणून? मोजलेली राशी या दोहोंचा गुणाकार आहे, शिवाय उष्णतेचे दाबात रूपांतर होण्याचा एक तिसरा गुणकही त्यात मिसळलेला आहे. बाल व उलमान यांनी २०१० मध्ये दाखविले, की दोन सुयोग्य निवडलेल्या प्रकाशयोजना वापरल्यास तो तिसरा गुणक ठाऊक असता शोषण व विसरण ही उरलेली दोन अज्ञाते मिळू शकतात. एकाच तरंगलांबीच्या प्रकाशाने मात्र, प्रकाशयोजना कितीही वाढविल्या तरी, तिन्ही एकदम मिळत नाहीत. हे यंत्राच्या दुबळेपणामुळे होत नाही. अधिक महाग यंत्र आणून ते दूर होणार नाही.

संवेदक एकाच बाजूस असला, आणि हातात धरावयाच्या उपकरणात तो त्वचेच्याच बाजूस असतो, तर पहिली समस्याही अस्थिर होते. कडेवरून निघणारी लहर कडेला लंब दिशेने जाते. त्वचेला समांतर असलेली रक्तवाहिनी म्हणून चांगली दिसते. त्वचेकडून सरळ आत जाणाऱ्या वाहिनीची लहर बाजूंना निघून जाते आणि ती वाहिनी प्रतिमेत पुसट होते वा लोपते. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, हे येथे प्रमेयाच्या स्वरूपात सिद्ध आहे.

दोन साक्षीदार आणले म्हणजे सत्य दुप्पट पक्के झाले असे वाटते. तेही सर्वदा खरे नाही. पॉझिट्रॉन चित्रण व क्ष-किरण छेदचित्रण यांचे जोडयंत्र १९९८ मध्ये पिट्सबर्ग येथे प्रथम वापरात आले आणि कर्करोगाच्या निदानात त्याचे उपकार मोठे आहेत. या यंत्रात क्ष-किरणांच्या चित्रावरून दुसऱ्या चित्रातील क्षीणनाची दुरुस्ती केली जाते. पण क्ष-किरणांचे चित्र काही सेकंदांत निघते, तर दुसऱ्याला मिनिटे लागतात आणि तेवढ्यात रुग्ण अनेकदा श्वास घेतो. पहिले चित्र दीर्घ श्वासाच्या क्षणी घेतले गेले असेल तर मध्यपडद्याजवळ दोन्ही जुळत नाहीत. यकृताच्या माथ्यावरील गाठ फुप्फुसात असल्यासारखी दिसू शकते. एका साक्षीदाराची चूक दुसऱ्याच्या जबानीत लिहिली गेली, असा हा प्रकार आहे.

४

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला यातील काहीच अपरिचित वाटू नये. लुप्त झालेला मूळपाठ, त्याच्या हाती आलेल्या अपुऱ्या व दूषित प्रती आणि त्यांवरून मागे जाण्याचा प्रयत्न, ही व्यस्त समस्याच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पुरे केले. १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुकथनकर यांचे केंब्रिजमधील शिक्षण गणिताचे होते. त्यांच्या संपादनविचारातील तीन गोष्टी येथे प्रस्तुत आहेत.

पहिली, साक्षीदारांच्या संख्येपेक्षा त्यांच्या स्वातंत्र्याला त्यांनी दिलेले महत्त्व. शंभर प्रती एकाच घराण्याच्या असतील तर त्या एकच साक्ष देतात. उत्तरेकडील व दक्षिणेकडील परंपरा परस्परांपासून स्वतंत्र असताना एकमुखाने बोलल्या तर ती साक्ष मोलाची. प्रती परस्परांत मिसळल्या असतील तर एकमताची किंमत उतरते. जोडयंत्रातील श्वासाचा दोष हा याच संसर्गाचा भौतिक नमुना आहे.

दुसरी, साध्याची मर्यादा. व्यासांच्या मुखातील शब्द परत मिळवू असा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जेवढे मागे जाता येते तेवढा पाठ सिद्ध केला.

तिसरी गोष्ट मुद्रणाची आहे, आणि ती सर्वांत महत्त्वाची. सिद्ध केलेल्या पाठात जेथे संपादकाची खात्री पुरेशी नाही, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापलेली आहे, आणि पृष्ठाच्या तळाशी सोडून दिलेले पाठभेद दिलेले आहेत. वाचणाऱ्याचा श्लोक त्यामुळे अडत नाही. तो वाचतो, अर्थ लावतो. परंतु कोणत्या शब्दावर किती भार टाकावा हे त्याला कळते, आणि संपादकाशी मतभेद करण्याची सामग्रीही त्याच पृष्ठावर मिळते.

मराठीत एकच शब्द या दोन्ही शास्त्रांत दोन उलट अर्थांनी वावरतो, हेही बोधप्रद आहे. भूमितीत प्रक्षेप म्हणजे वस्तूची एका दिशेने पडलेली छाया. छेदचित्रणात तोच एकमेव पुरावा. पाठचिकित्सेत प्रक्षेप म्हणजे मागाहून घुसडलेला मजकूर. तो काढून टाकावयाचा. आधुनिक प्रतिमांत हे दोन्ही प्रक्षेप एकत्र नांदतात. अस्थिर समस्या सोडविण्यासाठी तिखोनोव्ह याने १९६३ च्या सुमारास रूढ केलेल्या नियमनाच्या रीतीत मोजमापांच्या जोडीला एक अपेक्षा घातली जाते : उत्तर फार खडबडीत नसावे, किंवा ते अमुक प्रकारचे असावे. या अपेक्षेवाचून काम चालत नाही. पण ती मोजलेली नसते, आत घातलेली असते.

हा धोका अलीकडे वाढला आहे. हजारो जुन्या प्रतिमांवरून ‘शिकलेल्या’ आज्ञावल्या आता अपुऱ्या मापनातून सुबक चित्र तयार करतात. ज्या कार्यवृत्तात १९७१ चा बंगळूरचा निबंध आला, त्यातच २०२० मध्ये आंतुन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की अशा काही रीतींत मापनातील जवळजवळ अदृश्य बदलाने प्रतिमेत ठळक दोष उमटतात आणि लहानसा रचनाभेद, उदाहरणार्थ बारीक गाठ, प्रतिमेतून नाहीसा होऊ शकतो. जुन्या गाळणीचा दोष खरखरीत दिसे, म्हणून तो ओळखू येई. नव्या रीतीचा दोष निरोगी ऊतीसारखाच गुळगुळीत असतो. कुशल लेखनिकाने छंदात बसवून घातलेला प्रक्षिप्त श्लोक ओबडधोबड प्रक्षेपापेक्षा ओळखण्यास कठीण असतो, त्यातलाच हा प्रकार.

५

यावर दोन आक्षेप संभवतात. एक असा, की पोथी आणि शरीर यांची तुलना वरवरची आहे. लेखनिक हेतूने पाठ बदलतो, ध्वनिलहरीला हेतू नसतो. शरीराचे मापन पुन्हा घेता येते, जळालेली पोथी पुन्हा वाचता येत नाही. गणितापाशी प्रमेये आहेत, पाठचिकित्सेपाशी विवेक. हे भेद खरे आहेत. परंतु त्यांवरून निघणारा निष्कर्ष उलट आहे. ज्या शास्त्रापाशी प्रमेये नव्हती, त्याने आपली अनिश्चिती पृष्ठावर छापली. ज्यापाशी प्रमेये आहेत, आणि कोणती कड दिसणार नाही हे जे आधीच सांगू शकते, त्याने ती छापू नये याला समर्थन उरत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. वैद्याला अल्प वेळात निर्णय घ्यावयाचा असतो. शंकांनी भरलेले चित्र त्याचा हात अडवील. तज्ज्ञ क्षकिरणवैद्याला यंत्राचे दोष अनुभवाने ठाऊक असतात, हेही मान्य केले पाहिजे. परंतु हा अनुभव प्रतिमेबरोबर प्रवास करीत नाही. प्रतिमा दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे आणि रुग्णाच्या घरी जाते. नागमोडी रेघ महाभारताच्या वाचकाला थांबवीत नाही. जेथे थांबावयास हवे तेवढ्याच जागी सावध करते. प्रतिमेचा जो भाग मापनातून आला आणि जो अपेक्षेतून भरला गेला, त्यांत डोळ्याला दिसेल असा फरक असावा. मूळ मोजमापे जपून ठेवावीत, म्हणजे उद्या दुसऱ्या गाळणीने दुसरा पाठ सिद्ध करता येईल. आणि कोणती रीत वापरली याची नोंद प्रतिमेबरोबरच असावी. या तीनही मागण्या चिकित्सक आवृत्तीच्या साध्या शिस्तीपलीकडच्या नाहीत.

चौथी मागणी भाषेची आहे आणि तिचा भार भाषेच्या अभ्यासकांवरच पडतो. ‘गाठ आहे’, ‘गाठ दिसते’, ‘गाठ असावी’, ‘गाठ असू शकेल’ या चार वाक्यांत मराठीने निश्चितीच्या चार पायऱ्या क्रियापदातच ठेवल्या आहेत. तपासणीचा अहवाल बहुधा इंग्रजीत लिहिला जातो. तो घरच्या मंडळींना मराठीत सांगताना या पायऱ्या गळून पडतात आणि ‘फोटोत आले आहे’ एवढेच वाक्य उरते. त्या वाक्यावर एखादे घर शस्त्रक्रियेचा निर्णय घेते, कर्ज काढते, किंवा ‘फोटोत काही आले नाही’ म्हणून निश्चिंत होते. परिभाषा घडविताना नामांसाठी जेवढे परिश्रम झाले, तेवढे या क्रियापदांसाठी झालेले नाहीत. व्यस्त समस्येला प्रतिलोम म्हणावे की विलोम, ही चर्चा रास्त आहे. पण अहवालातील ‘असावे’ रुग्णापर्यंत ‘असावे’ म्हणूनच पोचणे अधिक निकडीचे आहे.

रामचंद्रन यांनी उत्तरायुष्यात बंगळूर येथे तर्कशास्त्राचे गणित मांडण्यात बरीच वर्षे घालविली, आणि जैनांच्या स्याद्वादावरून त्या मांडणीला स्याद् हे नाव जोडले. सत्य व असत्य यांच्याबरोबर संदिग्ध या अवस्थेलाही तीत स्वतंत्र चिन्ह आहे. अनेक चाहत्यांना त्यांचे हे काम प्रथिनांच्या संशोधनापुढे किरकोळ वाटले. परंतु प्रक्षेपांवरून वस्तू उभी करण्याची रीत देणाऱ्या शास्त्रज्ञाने पुढे संदिग्धतेसाठी चिन्ह शोधावे, यात विसंगती नाही. ते चिन्ह तर्कशास्त्राच्या निबंधात आहे, महाभारताच्या पृष्ठावर आहे. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या प्रतिमेवर ते अद्याप उमटावयाचे आहे.